मॅनेजरभाऊंनी लावलेला दुसरा अल्बम

मॅनेजरभाऊंच्या लेखी वर्षात दोनच हंगाम होते. एक नाटकाचा आणि दुसरा नाटकाची वाट पाहण्याचा. दिवाळी ते होळी चंद्रपूरकडच्या आपल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं. उरलेल्या महिन्यांत लोक धान रोवतात, लग्नं लावतात, आजारी पडतात, ते आपलं वेळ घालवायला. उभी हयात त्यांनी नाटक कंपन्यांची बुकिंगं घेतली, पॉम्प्लेटं छापली, ऑटोवर भोंगा बांधून पुकारा केला. मळखाऊ रंगाची सफारी, खिशाला पेन आणि तोंडात सदा कुणाची तरी जाहिरात. बारशाला गेले तरी पाळण्यात डोकावून म्हणायचे, "वा! हिरो हाय हिरो. याच्या तारखा आताच धरून ठेवा."

असा माणूस आमच्या बँडचा मॅनेजर झाला तो काही आमच्या मर्जीनं नव्हे. नागभीडला चेतनच्या काकांची राईस मिल आहे, तिच्या मागच्या खोलीत आमची तालीम चालायची. चेतन कीबोर्डवर, राकेश ड्रमवर, गाणारी मी. पावसाळ्यात रिकामे बसलेले भाऊ एकदा आवाज ऐकून आत शिरले, पोत्यावर बसले आणि उठायचं नावच घेईनात. शेवटी विचारलं, "हे कोणतं संगीत म्हनायचं?"

"निओ-सोल," चेतन म्हणाला, आणि मग त्यानं बराच वेळ समजावलं. आवाज मोकळा, चाल संथ, आणि गाणारीनं ठेक्याच्या थोडं मागं रेंगाळत यायचं. भाऊंनी मान डोलावली. "म्हंजे बाई मुद्दाम उशिरा येते. आमच्या कंपनीतली हिरोईनही अशीच होती." बँडचं नाव 'बोडी' आहे म्हटल्यावर मात्र ते उडालेच. बोडी म्हणजे गावातलं लहान तळं. आम्हाला फार काव्यमय वाटलं होतं. "अरे बाप्पा! बोडी? लोकं म्हशी घेऊन येतीन ना!"

त्या दिवसापासून ते आमचे मॅनेजर. नेमलं कुणी नाही, काढायची हिंमत कुणाला नाही.

आमचा पहिला अल्बम इंटरनेटवर निघाला होता. बंगळूरच्या कुणीतरी छान म्हटलं, पुण्याच्या कुणीतरी हृदय पाठवलं. आमच्या गावात कुणाला पत्ता नाही. बाबांना मोबाईलवर ऐकवला, तर ते निम्म्यावर म्हणाले, "सूर बरा हाय. पण गाणं सुरू कवा होते?" आणि मग, धानाच्या बांधावर बसल्या बसल्या, शांतपणे सांगून टाकलं, "दुसरा काढ, मी नाई म्हनत नाई. पण त्याच्यानंतर बस. आपल्या मानसाले आयकू येत नाई, तं कोनासाठी गाते तू?" बाबा चिडून बोलले असते तर मी भांडले असते हो. ते शांतपणे बोलले, म्हणून मला रडू आलं. मी थांबले की बँड थांबला, हे चेतनला कळत होतं, राकेशला कळत होतं.

भाऊंना सांगितलं तर ते हसले. "इतकंच ना? रसिक स्वतःहून येत नाई बाई, त्याले आणा लागते." त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की दुसरा अल्बम आमच्याच गावच्या मंडईला निघणार. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. लेकीबाळी माहेरी येतात, पाव्हण्यांनी घरं भरतात आणि रात्री नाटक असतंच. त्याच मंचावर, नाटकाच्या आधी, दिवेलागणीला आमची गाणी.

पॉम्प्लेट मात्र त्यांनी आम्हाला दाखवलं नाही. ऑटो आसपासची गावं फिरून आला तेव्हा कुठं तो गुलाबी कागद आमच्या हाती पडला. 'बोडी सादर करीत आहे, दुसरा अल्बम! तुफान विनोदी, हृदयस्पर्शी, कौटुंबिक संगीत नाटक!'

चेतननं कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "भाऊ, हे नाटक नाई ना!"

"मले मालूम हाय," भाऊ खरोखरच गोंधळून म्हणाले. "पण तेवढं टाकल्याबगर पॉम्प्लेट कसं दिसन?"

बरं, लोक आले. एवढे आले की मंडपाच्या कनाती सोडाव्या लागल्या. पोत्यांचे बोरे अंथरून, पोरांना मांडीवर घेऊन सगळे ऐसपैस बसले. एक आजी अगदी पुढं होती. पहिलं गाणं झालं, तिनं विचारलं, "नाटक कवा सुरू होते माय?" दुसरं झालं तेव्हा मागून आवाज आला, "हिरो कुठी हाय?" मग शिट्टी. मग "कॉमेडीवाला येऊ द्या!" बाबा कडेला बसले होते. मान खाली, हातानं दुपट्ट्याचं टोक पिळत. वाटलं, संपलं सगळं, आणि तेही बाबांच्या डोळ्यांदेखत.

तेवढ्यात भाऊ मंचावर चढले आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"मायबापहो, प्रवेश तिसरा! पोरगी शिकाले चंद्रपूरले निघाली. बाप तिले सायकलवर नागभीडच्या टेसनावर आनते. पुऱ्या रस्त्यानं एक शब्द बोलत नाई. गाडी सुटते, बाप तिथंच उभा रायते. त्याच्या मनात काय होतं, ते आता पोरगीच सांगून राह्यली. आयका!"

मी भाऊंकडे बघतच राहिले. गाणं माझंच होतं, आणि बाप माझाच. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पोत्यावर बसून त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता.

मी गायले. ठेक्याच्या मागं रेंगाळत, जशी गाते तशीच. मंडपात पोरंसुद्धा चूप. पुढची आजी डोळ्याला पदर लावून बसली. गाणं संपलं, आणि कडेला एक माणूस उभा राहिला. आमच्याकडे नाटकातलं गाणं आवडलं की वन्स मोअर मागतात, पण बाबांनी जन्मात कधी मागितला नव्हता. त्यांनी दुपट्टा वर केला आणि ओरडले, "वन्स मोअर!"

भाऊंनी माईक परत माझ्या हातात दिला. "म्हन बाई. बाप उभा हाय."

पुढच्या प्रत्येक गाण्याआधी भाऊंनी एकेक प्रवेश सांगितला, आणि आमचा दुसरा अल्बम लोकांनी नाटक म्हणून पुरा पाहिला. सकाळी आभार मानायला गेलो, तर ते नाटक कंपनीच्या गाडीत चढून वडसाकडे निघालेसुद्धा. हंगाम लागला होता ना! खिडकीतून हात हलवत म्हणाले, "तिसरा काढा लवकर! पॉम्प्लेटाची चिंता करू नोका!"

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. त्यांच्या मयतीला आमच्या घरून सगळ्यांत आधी बाबा पोचले.

आता तिसऱ्या अल्बमची तालीम आमच्या घरीच चालते. बाबांनी धानाची पोती एका कडेला सारून जागा करून दिली आहे. परवा चहा घेऊन आले आणि जरा लाजतच विचारलं, "याच्यात मी हावो का गाण्यात?"

"नाई बाबा. या खेपेस मॅनेजरभाऊ हाय."

बाबांनी चहाचा पेला पोत्यावर ठेवला. मग म्हणाले, "मंग माझा वन्स मोअर आताच धरून ठेव."