लाल फडकं आणि मुका व्हिडिओ

रुआबांधा वस्तीतल्या घरी साधा पंखा दुरुस्त करायचा असला तरी नरेश खोब्रागडे आधी मेन स्विच पाडत आणि त्याला लाल फडकं बांधत. स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. लाईन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, बंद केली की काम चालू असल्याचा टॅग टांगायचा आणि ज्याने टांगला त्यानेच तो काढायचा, हा तिथला नियम. रिटायर झाल्यावर घरी तो अर्धाच पाळला जाई. फडकं बांधायला ते कधी विसरले नाहीत, काढायला मात्र हमखास विसरत. मग लाईट कुठं गेली म्हणून शेजाऱ्यांना विचारत फिरत, आणि त्यांची बायको विजया दारातून म्हणे, "गल्लीले काय विचारता? आपलं फडकं पाहा आधी."

आता तिला हे म्हणता येत नव्हतं. गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरात तिचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं.

त्याआधी सेक्टर दोनच्या बुद्धविहारात लग्न लागलं की नवरानवरीला लग्नाची प्रतिज्ञा सांगायचं काम विजयाचं. ती एक ओळ म्हणे आणि थांबे, मग नवरी तीच ओळ तिच्या मागून म्हणे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं नरेशला मोबाइल धरायला लावला आणि मुलीसाठी, दीक्षासाठी, सगळी प्रतिज्ञा म्हणून ठेवली. प्रत्येक ओळीनंतर ती गप्प बसली होती, दीक्षाला मागून म्हणता यावं म्हणून. दीक्षाचं लग्न या रविवारी होतं. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर हा व्हिडिओ लागणार होता.

शुक्रवारी दुपारी नरेशनी कॉम्प्युटर उघडला. व्हिडिओ नीट करायचं काम त्यांनी हौसेनं स्वतःकडे घेतलं होतं. प्ले केलं. पडद्यावर विजयाचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

आधी त्यांना स्वतःच्या कानांचा संशय आला, कारण मिलने कानांचं बरंच नुकसान केलं होतं. त्यांनी त्याच व्हिडिओला पुढं जोडलेला साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, तुकडा लावला. बँड असा वाजला की खुर्चीचा हात थरथरला. म्हणजे कान ठीक, स्पीकरही ठीक. पुन्हा विजयाकडं आले. पुन्हा काही नाही. ती कोणती ओळ म्हणत होती, तेही कळेना.

मोबाइलची जागा भरली म्हणून व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेऊन मोबाइलमधून त्यांनीच पुसला होता. दुसरी कॉपी कुठंच नव्हती.

हॉलमधल्या पडद्याचं काम ज्याच्याकडं होतं त्या प्रफुलला त्यांनी हळू आवाजात फोन लावला.

"आवाजच येऊन नाही राहिला."

"काकाजी, टेन्शन मत लो. म्यूट तर नाही झालं?"

"बँडचा येते ना. फक्त हिचाच नाही."

"मग एक काम करा. एडिटिंगमधला सोडा, फोल्डरमधली ओरिजिनल फाईल चालवून पाहा. तिच्यात आवाज असला तर मी घरी बसल्या बसल्या सांगतो."

"अन् नसला तर?"

"नसला तर मग मुश्किल आहे, काकाजी."

नरेशनी फोल्डर उघडला. फाईल समोर होती. बोट माउसवर होतं, पण ते दाबवेना. उघडली नाही तोवर त्या फाईलमध्ये आवाज होता. उघडली आणि ती मुकी निघाली, तर मग विजयाचा आवाज जगात कुठंच उरणार नव्हता, आणि तो घालवणारे ते स्वतः असणार होते.

"लाईट गेली इकडं," असं खोटंच सांगून त्यांनी फोन ठेवला. डोक्यावर पंखा फिरत होता.

मागं दारावर दोनदा टकटक झाली. ही विजयाची हाक. नरेशनी घाईनं फोल्डर बंद केला, तर मागं तिचाच मुका चेहरा उघडा पडला. ती जवळ येऊन पाहत राहिली. पडद्यावर तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"स्पीकर गेला वाटते," नरेश म्हणाले. "उद्या नवा आणतो. तू कावून उठली? पड जरा."

बँड तर तिनं आतल्या खोलीतून नुकताच ऐकला होता. तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी मान खाली घातली. मग ती वळून बाहेर गेली. रागावली, दीक्षाला कळवायला गेली, असंच त्यांना वाटलं.

ती परत आली तेव्हा हातात मीटरजवळच्या खिळ्याला अडकवलेलं लाल फडकं होतं. ते तिनं कीबोर्डवर टाकलं आणि बोटानं त्यांच्या छातीवर टोचलं. तुम्ही.

नरेश फडक्याकडं पाहत राहिले. मग काल दुपार आठवली. पहिल्या ओळीआधी विजया जोरात खाकरली होती. तेच खाकरणं, ज्याला दोघांनी महिनोन्‌महिने साधी सर्दी समजून सोडून दिलं. लग्नात ते नको, म्हणून कापायला बसले होते. कापताना धक्का लागू नये म्हणून तिचा आवाज चित्रापासून काढून खालच्या वेगळ्या पट्टीवर ठेवला, आणि हात लावायच्या आधी ती पट्टी बंद केली, नोकरीभर केलं तसं. तेवढ्यात सिलिंडरवाल्यानं हाक मारली, ते उठले आणि पट्टी बंदच राहिली.

बँडची पट्टी निराळी होती. खालच्या पट्टीच्या टोकाला छोटा स्पीकर होता, त्यावर तिरकी रेघ. त्यांनी तो दाबला. रेघ गेली. प्ले केलं.

आधी खाकरणं आलं. मग विजयाचा आवाज, पहिली ओळ, आणि थांबणं.

नरेशनी पटकन व्हिडिओ थांबवला. तिनं स्वतःला ऐकावं की नाही, हा विचार त्यांनी केलाच नव्हता. त्यांना मागं वळून पाहायचं धाडस होईना. हात खाकरण्याच्या जागी गेला, कापायला.

विजयाने त्यांचं मनगट धरलं आणि मान हलवली. नको.

"राहू देऊ?"

तिनं मान डोलावली. मग लाल फडकं उचललं, घडी केली आणि स्वतःच्या कमरेला खोचलं.