दोन जागांची गाडी

घरात माणसं तीन आणि गाडी आणली दोन जागांची. असं करणारा माणूस मूर्खच म्हणायचा, आणि तो मूर्ख मी. तेव्हा मला सत्ताविसावं लागलं होतं. अफझलगंजात एका कागदाच्या पेढीवर कारकुनी करत होतो, लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि जामबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत मी, बायको आणि माझे वडील असे आम्ही राहत होतो. आई मी शाळेत असतानाच गेली होती. वडिलांना मी दादा म्हणत असे. परभणीकडची शेती भावाच्या हवाली करून ते तरुणपणी हैदराबादेत आले, उर्दूत शिकले आणि सरकारच्या महसूल खात्यात उर्दूतच फायली लिहीत म्हातारे झाले.

जहागिरी गेल्यापासून नवाबांच्या देवड्यांतल्या, म्हणजे त्यांच्या मोठमोठ्या घरांतल्या मोटारी एकेक करून बाजारात येत होत्या. आमच्या पेढीसमोर एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. तिथे एके दिवशी ही हिरवी, उघडी, बुटकी इंग्लिश गाडी येऊन उभी राहिली. चाकांना तारांचे आरे, कापडी टप फाटलेला, आणि स्टार्टर मेलेला, त्यामुळे प्रत्येक वेळी पुढे जाऊन हँडल मारावं लागायचं. मी दुपारच्या सुट्टीत तिच्याभोवती घुटमळायला लागलो तसा मिस्त्री म्हणाला, "नवाबां गये साब, मोटरां रह गये. लेलेव. इत्ते में तो सायकल बी नै आती." हे खोटं होतं, पण फार खोटं नव्हतं.

तरी तेवढेही पैसे माझ्याकडे नव्हते. माझ्या बोटात सासऱ्यांनी लग्नात घातलेली अंगठी होती. मी घरी नुसता विषय काढला, तर बायकोच म्हणाली, "ती घालून तुम्ही कागदच मोजता ना? विका. मला एकदा गंडीपेटच्या तलावाचं पाणी बघायचंय." म्हणजे ती गाडी खरं तर तिच्या माहेरची होती. हे मी विसरायला नको होतं.

गाडी घरी आणली आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बायको तीत बसणार कशी? दादांसमोर ती पदर कपाळापर्यंत ओढून वावरायची. त्यांच्याशी ती थेट बोलत नसे आणि तेही तिच्याशी बोलत नसत. चहा हवा असला की मला म्हणायचे, "चहा होतो का बघ रे," आणि ती तीन हातांवर उभी असायची. अशा घरातल्या सुनेने भर जामबागेत, सासऱ्याच्या देखत, नवऱ्याशेजारी उघड्या गाडीत बसायचं? दादा कधी 'नको' म्हणाले नव्हते, हे खरं आहे. पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग आम्ही चोरासारखी एक रीत बसवली. पूर्वी निजामाच्या अमदानीत सुट्टी शुक्रवारी असायची. दादांना रविवारच्या सुट्टीचं काय करायचं ते कधी कळलं नाही, त्यामुळे ते रविवारी जेवून जे झोपायचे ते चार वाजेपर्यंत उठत नसत. ते घोरायला लागले की बायको हातात पिशवी घेऊन बाहेर पडायची आणि चालत अफझलगंजात, नदीकाठच्या मोठ्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर जाऊन थांबायची. थोड्या वेळाने मी हँडल मारून गाडी काढायचो आणि तिला तिथून उचलायचो. जुन्या पुलावरून कारवानची वस्ती ओलांडली की ती पदर खांद्यावर पडू द्यायची. गाडी इतकी बुटकी होती की पाटावर बसून पळाल्यासारखं वाटायचं. समोरून बस आली की ती माझा दंड धरायची आणि बस निघून गेली की मोठ्याने हसायची. ते हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं. असे रविवार आम्हाला सहा-सात मिळाले असतील.

ते वर्ष भाषेप्रमाणे राज्यं होण्याचं होतं. आमच्या राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरलं होतं, आणि त्याबरोबर सरकारी नोकरांचेही. मराठवाड्यात जन्मलेले म्हणून दादांचं नाव मुंबई राज्याच्या यादीत गेलं आणि त्यांना औरंगाबादला जायचं होतं. ज्यांना इथेच राहायचं असेल त्यांनी तसा अर्ज द्यायचा होता. दादांच्या नोकरीची तीनच वर्षं राहिली होती. औरंगाबादेत त्यांचं कुणी नव्हतं. त्यांनी राहावं असं मला वाटत होतं, बायकोलाही वाटत होतं, पण बोलायचं कुणी? अर्जाचा फॉर्म त्यांच्या शेरवानीच्या खिशात पडून होता आणि मुदत एका सोमवारी संपत होती.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, नेहमीप्रमाणे बायको पिशवी घेऊन गेली. मी खाली येऊन हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, आणि वर बघतो तर दादा जिना उतरताहेत. अंगात शेरवानी, डोक्यावर काळी टोपी. भर उन्हात!

"बसू का रे तुझ्या गाडीत?" ते म्हणाले. "एवढी घेतलीस, अन् मला काही दाखवली नाहीस."

'बसू का' म्हणेपर्यंत ते बसलेही होते. गुडघे छातीशी आले होते, टोपी एका हाताने धरली होती, आणि चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "गंडीपेटला जाऊ. तिथं निवांत बोलता येतं."

मला काय सुचायला हवं होतं ते आज सुचतं. 'दादा, ती कोपऱ्यावर उभी आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण वडिलांपुढे बायकोचा विषय काढायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि दीड महिना त्यांच्या झोपेचा फायदा घेतला हे कबूल करायची माझ्यात हिंमत नव्हती. मी मनात एक शहाणपण लढवलं. गाडी मुद्दाम ग्रंथालयावरूनच न्यायची. शेजारी दादा दिसले की तिला समजेल आणि ती मुकाट घरी जाईल.

ती कोपऱ्यावर होती. निळं लुगडं, हातात पिशवी. लांबून गाडी ओळखून ती एक पाऊल पुढे आली. मी नजर समोरच्या रस्त्यावर रोवली आणि तिच्यासमोरून तशीच गाडी नेली. तिचं ते पुढे टाकलेलं पाऊल मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

पुढचा सगळा रस्ता मी धुमसत होतो. राग यायचा होता माझा मला, पण तो आला दादांचा. त्यांनी आजच का जागं व्हावं? तिच्या जागेवर का बसावं? लंगर हौज मागे पडल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. वाऱ्याने तो फडफडत होता.

"उद्या मुदत संपायली," ते इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाले. "घरी हे विचारता येत नाही. सूनबाई ऐकती, अन् ऐकलं की बिचारीला 'राहा'च म्हणावं लागतं. तू सांग. राहू, का जाऊ?"

ते इतकं स्पष्ट विचारत होते. अशी विनवणी त्यांनी आयुष्यात माझ्याकडे कधी केली नव्हती. आणि मी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणालो, "तुम्हाला बरं वाटेल ते करा."

त्यांनी फॉर्म पुन्हा खिशात ठेवला. गंडीपेटला आम्ही पाच मिनिटंही थांबलो नाही. पाणी बघून ते म्हणाले, "पाणी छान आहे," आणि परत गाडीत येऊन बसले. येताना अफझलगंजाच्या अलीकडेच त्यांनी मला थांबायला लावलं. "मला इथंच सोड. पाय मोकळे करून येतो." मी सोडलं. बरं झालं, असंही वाटलं.

घरी आलो तर बायको नव्हती. दिवेलागणीला ती आली, आणि तिच्या मागे दहा पावलांवर दादा. दोघांची वाटेत गाठ पडली असेल असं मी धरून चाललो. ती सरळ चुलीपुढे जाऊन बसली.

सोमवारी दादांनी अर्ज दिला नाही.

निघायच्या दिवशी मी गाडी काढत होतो, तर त्यांनी टांगा बोलावला. काचीगुड्याच्या स्टेशनवर ते डब्यात बसले, बायको त्यांची सुरई भरायला नळावर गेली, आणि तेवढ्यात त्यांनी खिडकीतून माझ्या मनगटावर हात ठेवला. "माझ्यामुळं थांबला नाहीस ना त्या दिवशी?" मग तेच पुढे म्हणाले, "मी उतरलो असतो रे. बसगाड्या काय कमी हायेत? आता थांबत जा." बायको सुरई घेऊन आली, त्यांनी ती माझ्या हातून घेतली, आणि गाडी हलली.

आता घरात कुणाचा आडपडदा नव्हता. पुढच्या रविवारी मी गाडी पुसून दारात लावली आणि तिला हाक मारली. ती म्हणाली, "आज नको." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. ती पुन्हा कधी त्या गाडीत बसली नाही. एकटा गेलो दोन-तीनदा. शेजारच्या रिकाम्या सीटवर स्वतःची पिशवी ठेवून बघितली, आणि मग मिस्त्रीला म्हटलं, घेऊन जा.

दादा नोकरी संपल्यावरही परतले नाहीत. तिकडेच एक खोली घेऊन राहिले. आम्ही दिवाळीला जायचो. 'चला आता' म्हटलं की ते हसून विषय बदलायचे. तिकडेच गेले. मी पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी सगळं उरकत आणलं होतं.

तेरावं करून आम्ही घरी आलो त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. मी बायकोला गंडीपेटच्या रस्त्यावरचं सगळं सांगितलं, फॉर्मचं, माझ्या उत्तराचं, आणि काचीगुड्याचंही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी ते शोधत आले मला. मी तिथंच होते. म्हटलं, वळून याल तुम्ही. ते चार हातांवर उभे राहिले, दुसरीकडं बघत. म्हणाले, 'चल बेटी, घरी. त्याचं लक्ष रस्त्याकडं होतं, त्याला तू दिसली नाहीस.' तेवढं एकदाच बोलले ते माझ्याशी."

मी म्हणालो, "दिसली होतीस."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण ते पहिल्यांदा बोलले, अन् ते मी खोटं पाडायचं? म्हणून तर बसले नाही पुन्हा गाडीत. बसले असते तर 'का थांबला नाहीत' हे तुम्हाला विचारल्याशिवाय राहिले नसते."

मग ती उठली आणि चहा टाकायला गेली. आत जाताना सवयीने तिने पदर कपाळावर ओढला.