उजवा हात

संक्रांतीनंतरचा शुक्रवार, मांडवगण फराटा. हजर: मी, माझ्या जाऊबाई, शेजारच्या शालनकाकी, त्यांची आठेक वर्षांची नात पिंकी आणि हळदीकुंकवाला आलेल्या आळीतल्या बायका.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आज लाडवांचे तीळ भाजताना थोडे करपले आणि त्या वासानं ती दुपार परत आली.

पिंकीनं तिळगुळासाठी डावा हात पुढं केला. "उजवा कर गं," मी म्हटलं. तिनं आजीकडं पाहिलं, मग उजवा हात उघडला. तळव्यावर लाल चट्टा होता आणि त्यावर हळद थापलेली.

"तिच्या आईनं उलथन्याचा चटका दिलाय," काकी म्हणाल्या. "लय उलट बोलती."

"आमी काय कमी खाल्लेत व्हय?" जाऊबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले.

आदल्याच आठवड्यात आम्ही महिला मंडळाच्या बायका सणसवाडीला, परप्रांतीय कामगारांच्या खोल्यांवर जाऊन मुलांना मारू नका म्हणून सांगून आलो होतो. पिंकीचा तर दोन मजली बंगला. खोल्यांमधला तो छळ आणि बंगल्यातलं ते वळण, असंच मी धरून चालले होते.

चट्ट्याला लागू नये म्हणून मी तिळगूळ तिच्या बोटांवर ठेवला आणि म्हटलं, "गोड बोल हं." ती हळूच "हो" म्हणाली.

पिंकी आता नदीपलीकडं राहू गावात दिली आहे. तुझं काही चुकलं नव्हतं, एवढंच तिला सांगायचं आहे. दर संक्रांतीला ठरवते. यंदाही लाडवांचा डबा भरून झाला, पिशवीत ठेवला. पिशवी अजून दाराशीच आहे.