डोळे मिटल्यावर मिस्त्रींना काय दिसायचं

मिस्त्रींना पुठ्ठ्याचं वेड होतं. कपाट करायचं म्हटलं की आधी ते त्याच मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करून खोलीत उभं करत, मागं सरकून बघत आणि मगच लाकडाला करवत लावत. बरोबरचे सुतार टिंगल करायचे. "लग्नाआधी पुठ्ठ्याची बायको आणून बघितली होती का हो?" असं एकानं विचारलंही होतं. मिस्त्री म्हणत, "बघितल्याशिवाय कळणार कसं?" सगळ्यांचं असंच असतं, बाकीचे फक्त कंटाळा करतात, अशी त्यांची पक्की समजूत होती.

साठीला टेकले असताना एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावलं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर कपाट हवं होतं. मिस्त्रींनी पुठ्ठे उलगडायला घेतले, तशा बाई म्हणाल्या, "पुठ्ठे कशाला? मला दिसतंय की समोर."

"काय दिसतंय?"

"कपाट. निळं, वरच्या दारांना काच."

मिस्त्रींनी भिंतीकडे बघितलं. भिंत कोरी होती. "कुठे?"

बाई हसल्या. मग मिस्त्रींचा चेहरा बघून थांबल्या. "तुम्ही डोळे मिटा. तुमच्या घराचं दार आणा बरं डोळ्यासमोर. काय दिसतं?"

"काळोख."

"दार नाही?"

"डोळे मिटल्यावर दार कसं दिसेल?" मिस्त्री म्हणाले. "डोळ्यासमोर आणणं ही आपली बोलायची पद्धत. पोटात कावळे ओरडतात म्हणतो, म्हणून काय खरे कावळे असतात?"

"अहो मिस्त्री," बाई खुर्चीवरून उठल्याच, "खरंच दिसतं! लख्ख नसेल, पण दिसतं. काही थोड्या लोकांना अजिबात दिसत नाही असं मी वाचलं होतं. असा माणूस आज पहिल्यांदा भेटला!"

मिस्त्रींनी हत्यारं तिथंच टाकली आणि भर दुपारी घर गाठलं. बायको पडद्याला टीप घालत होती. यांना धापा टाकत आलेलं बघून तिनं मशीन थांबवलं.

"काय झालं? पडलात की काय?"

"डोळे मीट."

"आता?"

"मीट गं! लिंबू आण डोळ्यासमोर. आणलंस?"

"आणलं."

"दिसतंय?"

"दिसतंय की. देठापाशी जरा हिरवं आहे."

"हिरवं आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? दिसतंय ना!"

मिस्त्री मटकन खाली बसले. "चाळीस वर्षं संसार केला आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"लिंबाबद्दल?" बायकोनं विचारलं.

त्या आठवड्यात मिस्त्रींनी कुणाला सोडलं नाही. लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, माझं तर हलतं. सिनेमासारखं." पेपरवाल्याला पुसट दिसायचं. शेजारच्या आजोबांना रंग दिसत नसत, बाकी सगळं दिसे. प्रत्येक उत्तराला मिस्त्री टाळी वाजवत. एकाच गल्लीत राहणारी, एकच भाषा बोलणारी माणसं, आणि आतला कारभार प्रत्येकाचा वेगळा! खिळ्यांच्या दुकानातला मालक डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "माझ्याकडे पण काहीच नाही हो." मिस्त्रींनी काउंटरवरून वाकून त्याला मिठी मारली. वॉशरचा डबा सांडला, दोघांनी मिळून गोळा केला.

वॉशर वेचता वेचताच त्यांना दादा आठवला.

दादा म्हणजे थोरला भाऊ, छापखान्यातून निवृत्त झालेला. आई गेली तेव्हा तो म्हणाला होता, "डोळे मिटले की आई समोर उभी राहते. झोप लागत नाही." मिस्त्री सरळपणे म्हणाले होते, "माझ्या नाही राहत." त्यावर दादा म्हणाला, "त्याला मन लागतं." तेव्हापासून दोघांत बोलणं होई ते कामापुरतं. त्याहून वाईट म्हणजे मिस्त्रींना ते पटलं होतं. आईचा चेहरा आपल्याला आणता येत नाही, त्या अर्थी आपण दगडच, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते.

ते तसेच दादाकडे गेले. दारातच सगळं सांगून टाकलं. दादा ऐकत राहिला.

"म्हणजे तू तिला विसरला नव्हतास?"

"विसरेन कसा? तिचा आवाज कानात आहे. ओट्यापाशी उभी राहायची तेव्हा मी कुठे असायचो, ते ठाऊक आहे. फक्त चित्र नाही रे."

दादानं चष्मा काढून पुसला. "आणि मी तुला काय काय बोललो."

"ते राहू दे. तू बघतोस ना तिला? मग सांग. काय दिसतं?"

दादा सांगू लागला. ओटा, ओट्यावर वाकलेली आई, तिच्या पाठीमागे खिडकी.

"पाठीमागे? खिडकी डाव्या हाताला होती!"

"मला डोळ्यासमोर दिसतेय!"

"दिसू दे. डावीकडेच होती. तिची खालची चौकट माझ्या छातीपर्यंत यायची."

आवाज चढले. वहिनी घाबरून बाहेर आल्या. बघतात तर दोघे भाऊ लहान पोरांसारखे हमरीतुमरीवर आलेले, आणि हसतायत. शेवटी जुन्या घरी जाऊन बघायचंच ठरलं.

तिथे आता एक शिक्षिका राहत होत्या. "आम्हाला फक्त खिडकी बघायची आहे," असं दोन पांढऱ्या केसांच्या माणसांनी एका सुरात सांगितल्यावर त्यांनी जरा संशयानंच आत घेतलं.

खिडकी डाव्या हाताला होती.

"बघ!" मिस्त्री ओरडले. दादाचा विश्वासच बसेना. त्यानं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "मिटले की अजून मागंच दिसते," तो पुटपुटला. "मग मी इतकी वर्षं बघत होतो ते काय?"

मिस्त्री विजयी मुद्रेनं खिडकीपाशी गेले आणि थबकले. चौकट त्यांच्या कमरेशी होती.

"छातीपर्यंत ना?" दादाला हसू आवरेना. "अरे, तू तेव्हा एवढासा होतास!"

मिस्त्रींनी कमरेवर हात ठेवला, मग छातीवर. चित्र नव्हतं खरं, पण त्या वयाची उंची मात्र त्यांच्या अंगानं जशीच्या तशी जपून ठेवली होती. ते गुडघ्यांवर बसले. चौकट बरोबर छातीशी आली.

"दादा, इकडे ये. आई इथे उभी. तिचं कोपर माझ्या डोक्याच्या वर. कळलं?"

दादा गुडघे धरत, कण्हत त्यांच्या शेजारी बसला. वर बघत राहिला. शिक्षिकाबाईंनी काही न विचारता ओट्यावरची भांडी बाजूला सरकवली.