बाल्कनीतली रोमन बरणी

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात बाकीच्यांचे नवरे पाव भाजायला शिकले. माझ्या नवऱ्याने बाल्कनीत मासे कुजवायला घेतले.

याला कारण रोमन. ऑफिस घरात आलं, जाण्यायेण्याचा वेळ वाचला आणि त्या वेळात त्याने प्राचीन रोमन लोकांवरची पुस्तकं वाचायचा सपाटा लावला. वाचलेलं आम्हाला जेवताना सांगायचा. रोमन धोबी म्हणे लोकांच्या लघवीत कपडे भिजवून पायांनी तुडवायचे. सार्वजनिक संडासात काठीला बांधलेला स्पंज असायचा, तोच सगळ्यांनी वापरायचा. माझा घास तोंडातच फिरायचा. दोन हजार वर्षांपूर्वीची घाण माझ्या वरणभातावर कशाला आणायची, हे मला आजही कळलेलं नाही.

मग त्याला त्यांच्या सॉसचा शोध लागला. माशांची आतडी मिठात घालून महिनोन्महिने उन्हात ठेवायची आणि सुटलेलं पाणी दिसेल त्या पदार्थावर ओतायचं. त्याने आठवडी बाजारातून सायकलला पिशवी लटकवून बांगडे आणले, बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि रोज लाकडी चमच्याने ढवळायला लागला. काही दिवसांत आत राखाडी लगदा झाला आणि त्यावर बुडबुडे यायला लागले. भोवती हिरव्या माश्या. वासाचं वर्णन मी करणार नाही, नुसतं आठवलं तरी मळमळतं.

आई तेव्हा आमच्याकडे नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्पला होती. पुण्याहून थोड्या दिवसांसाठी आली आणि विमानं बंद झाल्याने अडकली. जन्मभर शाकाहारी, त्यात दमा, आणि तिच्या खोलीची खिडकी नेमकी त्या बाल्कनीत उघडणारी. पण जावयाच्या घरी राहतोय याचं तिला भलतंच ओझं. नाकाला पदर लावून म्हणायची, "असू दे गं, छंद आहे त्यांचा. मला नाही काही त्रास होत."

मी मात्र रोज भांडायचे. एका सकाळी उठले तर वास गायब. टाकली एकदाची, म्हणत मी चहाचा कप घेऊन खुशीत बाल्कनीत गेले. बरणी तिथेच होती. फडकं सोडून नवरा ढवळत होता आणि खुद्द त्याच्याच नाकावर मास्क होता.

मी बरणीवर वाकले. काहीच नाही. चहा नाकाशी नेला, तोही नुसतं गरम पाणी. मी आईच्या खिडकीपासून झटकन मागे सरले. आदल्या संध्याकाळी मी आईच्या पाठीला बाम चोळला होता, तिला चिकटून बसून जेवले होते.

माझी चाचणी पॉझिटिव्ह आली. आईला तिच्या खोलीत वेगळं ठेवलं. नवरा खजील होऊन बरणी फेकायला निघाला, तर मीच त्याला अडवलं. आईला वास येतोय की नाही, हे मला रोज कळायला हवं होतं.

सकाळी मी तोंड बांधून तिच्या बंद दाराबाहेर उभी राहायचे. "आई, वास येतोय?"

"येतोय हो, थोडासा."

तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. मग एकदा नवरा तिचा चहा दाराशी ठेवून माझ्या मागे उभा होता. त्याने विचारलं, "आई, फार वास येत नाही ना?"

"छे हो. अजिबात नाही."

मी दारावर थाप मारली. "आई, खिडकी उघड."

"उघडीच आहे."

"खरं सांग. वास येतोय की नाही?"

ती दाराजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "जावईबापू आहेत का तिथे?"

मी त्याला स्वयंपाकघरात पिटाळलं. "नाहीत. बोल."

"अगं, उंदीर मरून सडावा तसा वास येतोय! डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या. कसले मेले ते रोमन आणि कसली त्यांची थेरं! आधी फेकून दे ते मढं!"

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. स्वयंपाकघराच्या दारातून नवरा सगळं ऐकत होता. तो मुकाट्याने बाल्कनीकडे निघाला, बरणी टाकायला.

"टाकू नकोस," मी म्हटलं. "ढवळ."