मागच्या चटईवरची मायाक्का

मायाक्का सांगोल्याकडच्या मेंढपाळाची पोर. मोठ्या दुष्काळात आईबाप गेले आणि ती सोलापुरात मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. तिथंच वाचायला शिकली, ख्रिस्ती झाली. पुढे लग्न झालं, नवरा वारला, आणि ती गिरणीत सूत गुंडाळायच्या कामाला लागली.

गिरणीमागच्या वस्तीत ख्रिस्ती घरं थोडीच होती. शहरातलं ख्रिस्ती देऊळ, म्हणजे चर्च, त्यांना लांब पडायचं. म्हणून एकोणीसशे सत्तावीस साली मायाक्कानं तिथं एकत्र उपासना करणारी नवी ख्रिस्ती मंडळी उभी करायचं मनावर घेतलं. पत्र्याची एक रिकामी खोली मिळाली. दर रविवारी झाडलोट तिची, चटया तिनंच अंथरायच्या, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तिनंच वाचायचं, प्रार्थनाही तिचीच. अक्कलकोटकडची बसव्वा एकदा कानडीत प्रार्थना करू लागली, तर मायाक्कानं तिला मध्येच थांबवलं. देवापुढं आश्रमात शिकवलेली शुद्ध मराठीच शोभते, असं तिला वाटे. मंडळीतल्या तात्याबानं हौसेनं हलगी आणली, ती तिनं बाहेर ठेवायला लावली. हळूहळू माणसं गळायला लागली. यांचा विश्वासच कच्चा, असं ती म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवरून ती घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. इस्पितळात पडल्या पडल्या तिला एकच दिसायचं: खोलीला कुलूप लागलंय आणि केलेलं सगळं मोडलंय. बसव्वा ताक-भाकरी घेऊन यायची. पण मंडळीचं काय झालं, हे तिला विचारायचं धाडस मायाक्काला होईना.

काठी टेकत ती वस्तीत परतली, तो रविवार होता. पत्र्याच्या खोलीतून हलगी ऐकू येत होती. दारात चपलांना जागा उरली नव्हती. ती पोचेपर्यंत हलगी थांबली आणि बसव्वा डोळे मिटून कानडीत प्रार्थना करू लागली. मायाक्काला कानडी फारसं कळत नव्हतं, पण त्यात पुन्हा पुन्हा येणारं स्वतःचं नाव कळलं. ती सगळ्यांत मागच्या चटईवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

डोळे उघडल्यावर बसव्वाला ती दिसली. बसव्वा गडबडून म्हणाली, "अक्का, तुमी न्हवता म्हनून कानडीत केली. मराठी मला धड येत न्हाय."

"तशीच कर," मायाक्का म्हणाली. "दर रविवारी माझ्यासाठी मागत होतीस?"

"मी एकटी न्हवं. समदीच मागत हुती की."

त्या दिवशी मायाक्कानं तात्याबाला आपणहून पुन्हा हलगी वाजवायला सांगितलं. पुढं वाचनाची पाळी लागली, झाडण्याची लागली. तेलुगू बोलणारं एक विणकर कुटुंब आलं, तेव्हा त्यांच्या भाषेतलंही गाणं सुरू झालं. मायाक्का उरलेलं आयुष्य किंचित लंगडतच चालली, पण त्या पायाबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही, उलट देवाचे आभार मानले. पाळी नसतानाही रविवारी लवकर येऊन ती गुपचूप चटया अंथरू लागे. मग बसव्वा तिच्या हातातून चटई ओढून घ्यायची आणि तिला बसायला लावायची.