उलट्या चमच्यातली नागलीची पेज

मंडळी, पाठशाळेत मी अन्नाची स्तोत्रं वर्षानुवर्षं घोकली. पण नाचणीची, म्हणजे इकडच्या भाषेत नागलीची, पेज किती घट्ट हवी, हे आज पेठ गावाजवळच्या एका पाड्यावर कळलं.

दीड वर्षाच्या सोमाचं वजन वाढेना. पुढच्या वेळीही तेवढंच भरलं तर त्याला तालुक्याच्या दवाखान्यात दाखल करावं लागेल, असं अंगणवाडीताईंनी घरी येऊन सांगितलं. त्याची आई रडकुंडीला आली.

"रोज नागलीच देते वो ताई, घरच्या शेतातली."

ताईंनी पातेल्यातली चमचाभर पेज घेतली आणि चमचा उलटा केला. सगळी पेज धारेनं खाली.

"हे तर नागलीचं सरबत हाय!"

"बारक्या पोराला पातळच झेपतं," सोमाची आजी ठामपणे म्हणाली.

ताईंनी वाद घातला नाही. पीठ वाढवलं, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून पुन्हा शिजवलं. आता उलट्या चमच्याला पेज चिकटून राहिली. सोमानं वाटी संपवली आणि रिकामी वाटी पाहून भोकाड पसरलं.

आजीनं पातेलं ताब्यात घेतलं. "उद्यापासून मीच करते. सूनबाईला पाणी ओतायची लय सवय."

सोमाचं वजन वाढणार, याबद्दल मला शंका नाही. तुमच्या घरी 'हलकं' म्हणून लेकरांना काय काय पातळ करून देतात?